मिस्त्री म्हणतात तेल भरू, सर्व्हिस सेंटर म्हणतं चारही बदला

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

चिपळूणजवळच्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. पाच महिन्यांपूर्वी त्यांनी आतेभावाकडून २०१५ सालची, ९२,००० किलोमीटर चाललेली छोटी हॅचबॅक घेतली. दर महिन्याला आईला तपासणीसाठी कुंभार्ली घाटातून कराडला न्यावं लागतं. पावसाळा सरता सरता गाडी खड्ड्यांत खडखडायला लागली, वळणावर मागून डुलते, आणि स्पीडब्रेकर आला की मागच्या सीटवर बसलेल्या आईच्या कमरेत कळ जाते. सर्व्हिस सेंटरने चारही शॉकप (शॉकअब्सॉर्बर) बदलायचा १९,५०० रुपयांचा अंदाज दिला. त्यांच्या वडिलांची स्कूटर वीस वर्षं सांभाळलेले गावातले मिस्त्री म्हणतात, "मागचा एकच गळतोय. उघडून सील टाकतो, तेल भरतो, १,६०० मध्ये काम होईल." यजमानांचं म्हणणं, गाडी चालतेय ना, मग हळू चालव. शेवटी त्या विचारतात, "या तिघांत खरं कोण बोलतंय? आणि भावाने माहीत असून गाडी माझ्या गळ्यात मारली का? त्याला विचारायचं तरी कसं?"

उत्तर:

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मिस्त्री स्वभावाने कसे आहेत, काउंटरवरचा मुलगा कुठल्या सुरात बोलला, यजमान काय म्हणाले, भावाने गाडी देताना पेढे कसे दिले, हे सगळं त्यात आहे. पण खडखड पुढून येते की मागून, हे नाही. गळणारा शॉकप डावा की उजवा, हेही नाही. हे टोचून बोलायला लिहीत नाही. गाडीच्या कामात आपण बहुतेकजण असंच करतो. गाडी आपल्याला कळणार नाही असं आधीच धरून चालतो आणि मग माणसं पारखत बसतो. शॉकपच्या बाबतीत मात्र निम्मं निदान घराच्या अंगणात होतं. मोबाइलचा टॉर्च, एक जुनं फडकं, शिवणाची मोजपट्टी आणि अर्धा तास एवढं पुरे. म्हणून 'खरं कोण बोलतंय' हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू या. कदाचित तिघंही आपापल्या परीने खरंच बोलत असतील.

आधी त्या वस्तूबद्दल, कारण तिचं नावच फसवं आहे. शॉकअब्सॉर्बर म्हटलं की धक्का तोच सोसतो असं वाटतं. गाडीचं वजन पेलायचं आणि धक्का झेलायचा हे काम स्प्रिंगचं. तुमच्याकडे पडवीत झोपाळा असेलच. एकदा पाय मारून सोडून दिला की तो किती वेळ हलत राहतो! मग कुणीतरी जमिनीला पाय टेकवून तो थांबवतं. टेकवलेला तो पाय म्हणजे शॉकप. नळीत तेल असतं, दांड्याच्या टोकाला बारीक झडपांचा दट्ट्या असतो, आणि तेल त्या झडपांतून रेटलं जाताना हेलकाव्याची ताकद उष्णतेत जिरते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकप हाताला गरम लागतो तो यामुळेच. पाय टेकवणारं कुणी उरलं नाही, तर एका खड्ड्यानंतर गाडी तीन-चार वेळा खालीवर होत राहते, आणि प्रत्येक वेळी वर जाताना चाकाची जमिनीवरची पकड सैल होते.

एक गोष्ट यावरूनच कळते, आणि तुमच्या पत्रातला पहिला समज तिथे डळमळतो. शॉकप थकला की गाडी सहसा कडक होत नाही, ढिली होते. होडीसारखी डुलते. तुम्ही लिहिलेलं वळणावरचं डुलणं शॉकपकडेच बोट दाखवतं. आईंच्या कमरेला बसणारा धक्का मात्र कडकपणाचा आहे, आणि त्याची कारणं दोन असू शकतात. एक अगदी साधं आहे. टायरमध्ये हवा जास्त असेल. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवेच्या दाबाचं स्टिकर असतं, ते वाचा. पंपावरचा पोरगा सगळ्या गाड्यांना एकच आकडा मारून मोकळा होतो. गाडी सकाळी थंड असताना हवा तपासून घ्या आणि मगच पुढच्या परीक्षेला लागा. हवा चुकलेली असेल तर बाकी सगळ्या खुणा खोट्या वाचल्या जातात. दुसरं कारण असं की, मागचा शॉकप निकामी असेल तर भरलेली गाडी स्पीडब्रेकरवरून उतरताना मागून पार खाली बसते आणि शेवटच्या रबरावर, म्हणजे बंप स्टॉपरवर आदळते. तो 'धप्प' असा एकच आवाज असतो. आईंना लागतं ते बहुधा हेच. त्या रबराचा चुरा झालेला असेल तर आणखी जोरात लागतं.

आता खडखड. इथे माझीच फजिती सांगतो. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा विषय शिकवणारा माणूस मी, आणि स्वतःच्या गाडीचे पुढचे दोन्ही शॉकप निव्वळ आवाजावरून बदलून बसलो. गाडी बाहेर काढली, पहिल्याच खड्ड्यात आवाज तोच! शेवटी निघाला लिंक रॉड, म्हणजे अँटी-रोल बारला चाकाकडच्या भागाशी जोडणारी छोटी दांडी, काही शे रुपयांची वस्तू. हा किस्सा पाहुण्यांना सांगायचं आमच्या घरात अजून कुणी थांबलेलं नाही. थकलेला शॉकप पुष्कळदा मुकाट्याने मरतो. आवाज करतात ती त्याच्या आजूबाजूची मंडळी.

म्हणून आवाज कधी येतो ते ऐका. एकच चाक खड्ड्यात जातं तेव्हा खटखट होते, पण दोन्ही चाकं एकदम चढतात अशा रुंद स्पीडब्रेकरवर होत नाही, तर संशय लिंक रॉडवर घ्या. दोन्ही चाकं बरोबर वर गेली तर अँटी-रोल बारला (वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याला) पीळच बसत नाही आणि लिंक रॉडवर जोर येत नाही. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं की पुढून 'कटकट' किंवा स्प्रिंग सुटल्यासारखा 'टंग' आवाज येतो, तर पुढच्या शॉकपच्या डोक्यावरचं माउंट आणि त्यातलं बेअरिंग बघायला सांगा. ब्रेक मारल्यावर आणि परत निघताना एकेक 'टक' होत असेल तर लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरून ठेवणाऱ्या दांड्याचे, रबरी बुश. या सगळ्या वस्तू शॉकपच्या मानाने स्वस्त आहेत. खरी बचत करायची जागा हीच. इथे 'दुरुस्ती' हा शब्द शोभतो.

आता अंगणातली तपासणी. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, पहिला गियर टाका. जॅक लावून गाडीखाली शिरायचं नाही, काही झालं तरी नाही. पुढची चाकं एका बाजूला पूर्ण वळवली की चाकाच्या आतली जागा टॉर्चने नीट दिसते. मागे खाली वाकून बघावं लागेल. स्प्रिंगबरोबर किंवा तिच्या शेजारी उभी नळी दिसेल, तिचा वरचा भाग बहुधा धूळरोधक रबरात झाकलेला असतो. नळीच्या वरच्या भागावर घामासारखा ओलसर थर आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर घाबरू नका. दांडा वरखाली होताना सीलला लागणारं थोडं तेल बाहेर येतंच. ओघळ तळापर्यंत आला असेल, थेंब लोंबत असेल, तर मात्र शॉकप गेला. दोन्हींच्या मधलं काही दिसलं, आणि बऱ्याचदा तसंच दिसतं, तर फडक्याने नळी कोरडी पुसा, फोटो काढा आणि कराडची एक फेरी झाल्यावर परत बघा. पुन्हा नुसता ओलसर तर थांबता येईल. पुन्हा ओघळ, तर विषय संपला.

पण मागच्या चाकाच्या आत ओल दिसली म्हणजे ती शॉकपचीच, असं कृपा करून धरू नका. तुमच्यासारख्या गाडीला मागे ड्रम ब्रेक असतो. त्यातला व्हील सिलेंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा छोटा सिलेंडर, गळला तर ब्रेक ऑइल ड्रमच्या मागच्या पत्र्यावर आणि टायरच्या आतल्या बाजूला उतरतं. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी बघा. ती खाली गेलेली असेल तर शॉकपचं सगळं विसरा, घाटात गाडी घालू नका आणि आधी ब्रेक दाखवा. तुमच्या पत्रातली ही एकच शक्यता मला खरोखर अस्वस्थ करते, आणि ती तपासायला एक मिनिटही लागत नाही.

मग टायरवर हात फिरवा. रबराच्या नक्षीवर थोड्या थोड्या अंतराने खोलगट चट्टे लागले, वरवंट्याने ठेचल्यासारखे, तर चाक बरेच दिवस उड्या मारत चाललेलं आहे. एकाच कडेची सरळ झीज असेल तर ती बहुधा अलाइनमेंटची. भावाने गाडी विकण्याआधी टायर नवे घातले असतील तर हा पुरावा गेला, पण तेवढंही कळणं उपयोगाचंच आहे. मोजपट्टी घेऊन प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजा. डाव्या-उजव्यात बोटभर फरक असेल तर तिथे स्प्रिंग बसली आहे किंवा खालचा वेढा तुटलाय. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत स्प्रिंगचा तळ गंजून तुटणं काही नवल नाही. शॉकप कितीही नवा घातला तरी बसलेली गाडी उचलली जात नाही, हे आधी माहीत असलं की नंतर मिस्त्रींशी वाद होत नाही.

राहिली ती सगळ्यांना ठाऊक असलेली परीक्षा, कोपरा दाबायची. चाकाच्या वरच्या कोपऱ्यावर वजन टाकून गाडी तीन-चार वेळा लयीत दाबा आणि खाली असताना सोडून द्या. गाडी वर येऊन, थोडी खाली जाऊन थांबली तर ठीक. दोन-तीन हेलकावे घेतले तर शॉकप संपलाय. चारही कोपरे करा, कारण तुलनेतूनच हाताला फरक कळतो. मात्र ही परीक्षा नापास ओळखते, पास ओळखत नाही. हाताने दाबलेली गाडी हळू हलते. ६० च्या वेगाने खड्ड्यात गेलेल्या चाकाचा झटका कितीतरी वेगवान असतो, आणि त्या वेळी तेल वेगळ्या झडपांतून जातं. त्यामुळे कोपरा दाबून 'एकदम ओके' म्हणणाऱ्यावर फार विसंबू नये, मग तो मिस्त्री असो की जुन्या गाड्यांचा दलाल.

एवढं झालं की कागदावर चार चौकोन काढून प्रत्येक चाकाचं लिहून ठेवा. हा कागद हातात घेऊन तुम्ही गॅरेजमध्ये गेलात की बोलणं वेगळ्याच वळणाने जाईल, बघा.

आता मिस्त्रींच्या १,६०० रुपयांकडे येऊ. ते तुम्हाला फसवतायत असं मला मुळीच वाटत नाही. त्यांची हयात स्कूटर आणि मोटारसायकलींवर गेली आहे, आणि मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कला, म्हणजे पुढच्या चाकाच्या शॉकपला, ते म्हणतात ते शंभर टक्के लागू आहे. तो फोर्क उघडण्यासाठीच बनवलेला असतो. वरची टोपी काढायची, सील बदलायचं, कंपनीने सांगितलेलं तेल मापून ओतायचं. काम सोपं नसलं तरी रीतसर आहे. जुन्या इंग्रजी गाड्यांतल्या, मॉरिस मायनरसारख्या, तरफेच्या शॉकपलाही तेल भरायचं झाकण असे. ज्याने हे हाताने केलंय त्याला गाडीचा शॉकप फेकून देणं म्हणजे उधळपट्टी वाटणारच. मला त्यांचं कौतुकच वाटतं.

पण तुमच्या गाडीचा शॉकप हा बंद डबा आहे. कारखान्यातच त्याचं तोंड दाबून किंवा वेल्डिंग करून बंद केलेलं असतं. तो उघडायचा म्हणजे कापायचा, नाहीतर भोक पाडायचं, आणि तेल भरून परत वेल्डिंग करायचं. सील नवं बसेलही. पण ते मुळात फाटलं कशाने? बहुतेक वेळा दांड्याच्या चकचकीत क्रोमवर गंजाचा दाणा किंवा ओरखडा असतो, आणि तोच दांडा नव्या सीललाही खातो. आतल्या झडपांच्या पातळ चकत्या मऊ पडलेल्या असतात, त्या कुणी बदलत नाही. बऱ्याच शॉकपमध्ये दाबाखाली नायट्रोजन असतो, म्हणजे तेलाला फेस येत नाही. भोक पाडलं की तो गेला, आणि गावात तो परत भरायची सोय नसते. म्हणून जाड तेल ओततात. जाड तेलाने शॉकप पहिले काही दिवस कडक लागतो, गिऱ्हाईक खूश होतं, 'बघा, नव्यासारखा झाला.' पुढे घाटात तेल तापून पातळ झालं की पुन्हा तीच कथा, आणि एका बाजूचा शॉकप कडक, दुसऱ्या बाजूचा ढिला. त्यात गॅसच्या शॉकपला भोक पाडणं किंवा वेल्डिंगची ज्योत लावणं हे करणाऱ्याच्याच जिवावर बेतू शकतं. हे त्यांना सांगा, आणि काळजीपोटी सांगताय असंच सांगा.

'गाडीचा शॉकप कधीच दुरुस्त होत नाही' असं मात्र मी म्हणणार नाही. शर्यतीच्या आणि डोंगरदऱ्यांत हाणायच्या गाड्यांचे महागडे शॉकप पुन्हा उघडून बांधण्यासाठीच केलेले असतात. त्यांचे सुटे भाग मिळतात, गॅस भरायची आणि नंतर यंत्रावर जोखून बघायची सोय असलेली वर्कशॉप असतात. काही जुन्या गाड्यांच्या पुढच्या शॉकपमध्ये आतली नळी तेवढी बदलता येते. अशी गाडी असलेल्या वाचकांनी नव्या जोडाची किंमत आणि या कामाची किंमत शेजारी ठेवून बघावी. छोट्या हॅचबॅकचं गणित तिथे बसत नाही.

तिसरा एक रस्ता तुम्ही लिहिला नाहीत, पण पत्रव्यवहारात तो मला वारंवार भेटतो. भंगारातून जुना शॉकप आणायचा. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलात तर गाडीचा प्रत्येक अवयव सुटा मिळतो. दार, आरसा, दिवा जरूर आणावा. शॉकप नको. त्याचं उरलेलं आयुष्य बाहेरून दिसत नाही, आणि अपघातग्रस्त गाडीतला असेल तर दांडा केसभर वाकलेला असू शकतो. बंद झालेल्या मॉडेलमुळे दुसरा इलाजच नसेल, तर निदान तपासून घ्या. शॉकप गाडीत उभा असतो तसा उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबा आणि पूर्ण ओढा. आडवा पडून राहिलेला असला तर आत हवा शिरलेली असते, ती पहिल्या काही फेऱ्यांत निघते. त्यानंतर विरोध सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग लागला पाहिजे. मध्येच हात पोकळीत गेल्यासारखा सटकला, किंवा कुठे अडकला, तर परत ठेवा. दाबून सोडल्यावर गॅसचा शॉकप आपणहून हळूहळू लांब होतो. झाला नाही तर गॅस गेलेला आहे. दांड्यावर नख फिरवा, नख अडलं तर सील टिकणार नाही. आणि मिळणार असतील तर एकाच गाडीतून काढलेले दोन घ्या.

आता सर्व्हिस सेंटर. शॉकप उत्पादक सांगतात त्याप्रमाणे ८०,००० किलोमीटरच्या आसपास शॉकप बदलायचा विचार करावा. एका किलोमीटरमध्ये तो हजाराहून अधिक वेळा वरखाली होतो असा त्यांचा हिशोब आहे. म्हणजे तुमच्या गाडीचे शॉकप मूळचेच असतील तर नऊ कोटी वेळा तरी हलले. त्यात आपले रस्ते. त्या अर्थाने 'चारही बदला' हे काही लुबाडणं नव्हे. पण आकडा बघून दिलेला सल्ला आणि गाडी बघून दिलेला सल्ला यांत फरक असतो. त्यांना विचारा, गाडी रॅम्पवर घेऊन मला दाखवाल का? अंदाजपत्रक फोडून द्याल का? पुढचे दोन, मागचे दोन, माउंट, बंप स्टॉपर, धुळीचं रबर, मजुरी, अलाइनमेंट, प्रत्येकाची ओळ वेगळी. जुने काढलेले भाग मला परत द्याल का? या तीन प्रश्नांना कपाळावर आठी न घालता उत्तर देणारं ठिकाण मिळालं, तर अर्धं काम झालं.

नियम एवढाच पाळा की शॉकप जोडीने बदलायचा. मागचा एक गेला तर मागचे दोन, पुढचा एक गेला तर पुढचे दोन. एका बाजूला नवा आणि एका बाजूला नऊ कोटी हेलकावे खाल्लेला असेल तर घाटातल्या डाव्या आणि उजव्या वळणावर गाडी वेगवेगळी वागते. पण चारही एकदम बदलायलाच हवेत असं नाही. तुम्ही लिहिलेल्या खुणा मागच्या आहेत. माझा अंदाज, म्हणजे गाडी न बघता केलेला अंदाज, असा की मागचा जोड आणि बंप स्टॉपर आत्ता, पुढे फक्त लिंक रॉड किंवा बुश, आणि पुढच्या शॉकपची फडक्याची परीक्षा दर दोन महिन्यांनी. अंगणातल्या कागदावर वेगळं आलं तर अर्थात कागदाचं ऐका.

शॉकप कुठले घ्यायचे? सर्व्हिस सेंटरचे घेतले पाहिजेत असं नाही. गॅब्रिएल, मन्रो अशी नावं स्पेअरच्या दुकानात मिळतात. पण रीतसर वितरकाकडून, पक्क्या बिलावर आणि गाडीचं मॉडेल व साल सांगून घ्या. नक्कल या धंद्यात भरपूर आहे, आणि डबा हुबेहूब असतो.

आणि बसवायला? इथेच मला तुमच्या मिस्त्रींची आठवण झाली. शॉकप दुरुस्त करायचं काम त्यांना देऊ नका, बसवायचं द्या. "काका, आईला घेऊन घाटातून जायचं असतं, मनाला रुखरुख नको म्हणून नवेच आणलेत, बसवाल तुम्हीच ना?" असं म्हटलंत तर वीस वर्षांच्या ओळखीचा माणूस नाराज होणार नाही. तुमच्या गाडीला मागे शॉकप आणि स्प्रिंग वेगवेगळी असली, बऱ्याच हॅचबॅकला असतात, तर मागचा जोड बसवणं हे त्यांच्या आवाक्यातलं काम आहे. फक्त दोन विनंत्या करा. दांडा फिरू नये म्हणून तो पक्कडीत धरायचा नाही. पक्कडीचे दात क्रोमवर उमटले की काही महिन्यांत तिथूनच गळती सुरू होते, आणि मग आपण कंपनीला शिव्या घालतो. आणि रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. हवेत लोंबत्या स्थितीत आवळले तर गाडी खाली घेतल्यावर बुश कायम पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो.

पुढचे शॉकप बदलायची वेळ आली तर मात्र कॉम्प्रेसर आहे का ते विचारा. हवेचा नव्हे, स्प्रिंग दाबून धरायचा. पुढे बहुतेक छोट्या गाड्यांना मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग शॉकपच्या अंगावरच दाबून बसवलेली. ती नीट न आवळता वरचा नट सोडला तर ती गोळीसारखी सुटते. दोरी बांधून, पायाने दाबून हे काम करणारे मी पाहिलेत, आणि त्यांतल्या एकाची गेलेली दोन बोटंही पाहिलीत. साधन नसेल तर ते काम मिस्त्रींनाही करू देऊ नका. पुढच्या कामानंतर अलाइनमेंट लागतंच, त्याची ओळ अंदाजपत्रकात आहे का बघा.

यजमानांना काय सांगायचं? त्यांचं निम्मं बरोबर आहे. शॉकप गेला म्हणून गाडी उद्या बंद पडत नाही, आणि काम होईपर्यंत हळूच चालवायची आहे. पण ते हा आरामाचा प्रश्न समजतायत. ओल्या उतारावर, खडबडीत वळणावर ब्रेक दाबताना चाक उड्या मारत असेल तर ते जमिनीला टेकलेलं असतं तेवढाच वेळ ब्रेक लागतो. वाद घालू नका. आईंना घरी ठेवून एकदा यजमानांना घेऊन गाडी घाटात न्या, स्टिअरिंग त्यांच्या हातात द्या, आणि तुम्ही मागे बसा. उतरल्यावर बोला.

राहिला भाऊ. शॉकप एका रात्रीत जात नाही. रोज थोडा थोडा जातो, आणि रोज तीच गाडी चालवणाऱ्याचा हात, कंबर, वेग सगळं नकळत त्याच्याशी जुळवून घेतं. चष्म्याचा नंबर वाढलेला स्वतःला कुठे कळतो? तुम्हाला खडखड जाणवली कारण तुम्ही नव्या होतात. त्याने लपवलं असेल का? असेलही. पण पाच महिने गेले, मध्ये एक अख्खा पावसाळा गेला, आणि कोकणातल्या पावसाळ्यातले खड्डे काही त्याने पाडलेले नाहीत. 'तुला माहीत होतं का' हा प्रश्न विचारलात तर उत्तर 'नाही' असंच येईल आणि दिवाळीला दोघांच्याही तोंडाची चव जाईल. त्याऐवजी कामाचं विचारा. गाडीची सर्व्हिस कुठे करायचास? शॉकप कधी बदललेत का? टायर कधी टाकलेस? मागून कधी आपटली होती का? सर्व्हिस बुक असेल तर फोटो पाठव. या उत्तरांनी तुमचे पैसे वाचू शकतात. मागचे शॉकप वर्षापूर्वीच बदललेले निघाले, तर बिलावर वॉरंटी शिल्लक असू शकते. आणि बोलता बोलता त्याने स्वतःहून 'निम्मे मी देतो' म्हटलं तर नको म्हणू नका.

विमा मिळेल का असंही तुम्ही तळटीपेत विचारलंय. झिजून गेलेल्या भागांना विमा नसतो, त्यामुळे तो विषय सोडून द्या.

पुढची कराडची फेरी काम व्हायच्या आधी करावीच लागली, तर दिवसाउजेडी करा, डिकीत कांदे-बटाट्याची पोती नकोत, आणि आईंना पुढच्या सीटवर बसवा. मागची सीट जवळजवळ मागच्या चाकांवरच असते, तिथे बसणाऱ्याला तो 'धप्प' सगळ्यात आधी लागतो.